नुसतं बघून कळत नाही

संख्यांच्या प्रकारांचा धडा आठवायचा म्हटलं की बहुतेकांना एक आकृती आठवते. एकात एक काढलेली वर्तुळं. सगळ्यांत आत नैसर्गिक संख्या: १, २, ३ आणि पुढे. त्यांच्यात शून्य मिळवलं की पूर्ण संख्या, ऋण संख्या घेतल्या की पूर्णांक, अपूर्णांक घेतले की परिमेय संख्या. परिमेयांच्या शेजारी वेगळ्या भागात अपरिमेय संख्या आणि या सगळ्यांना सामावून घेणारी चौकट म्हणजे वास्तव संख्या. आकृतीखाली प्रश्न असतो: पुढील संख्या कोणत्या प्रकारच्या आहेत ते लिहा. मुलं भराभर लिहितात. मधे आडवी रेघ दिसली की परिमेय, वर्गमूळाचं चिन्ह दिसलं की अपरिमेय.

आकृती चुकीची नाही. पण या धड्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट तिच्यात कुठेच दिसत नाही. संख्या कोणत्या प्रकारची आहे, हे ती कशी लिहिली आहे यावर ठरत नाही. √४९ वर वर्गमूळाचं चिन्ह आहे, पण ती ७ आहे, साधी नैसर्गिक संख्या. √२ ला √८ ने भागलं तर उत्तर १/२ येतं. ०.९९९..., म्हणजे ज्यात ९ कधीच संपत नाहीत ती संख्या, १ च्या अगदी जवळची वगैरे नाही, ती १ च आहे. १/३ म्हणजे ०.३३३... हे आपण सहज मान्य करतो. त्याची तिप्पट करून पाहा. लिहिण्याची पद्धत हा संख्येचा पेहराव आहे आणि एकच संख्या हवे तितके पेहराव बदलू शकते.

मग ओळखायचं कसं? व्याख्या नीट वाचायची. ज्या संख्येला अ/ब या रूपात लिहिता येतं, जिथे अ आणि ब पूर्णांक आहेत आणि ब शून्य नाही, ती परिमेय. 'लिहिलेली असते' असं व्याख्या म्हणत नाही, 'लिहिता येतं' असं म्हणते. आणि अपरिमेय म्हणजे जिला असं लिहिताच येत नाही. मुलांना हा भाग समजावताना मी या दोन वाक्यांपाशी मुद्दाम थांबते, कारण दोन्ही दावे सारख्या वजनाचे नाहीत. संख्या परिमेय आहे हे दाखवायला एक अपूर्णांक पुरतो. तो पुढे ठेवला की काम झालं. ती अपरिमेय आहे असं म्हणायचं तर जगातले झाडून सगळे अपूर्णांक, अंश आणि छेद कितीही मोठे असोत, बाद करावे लागतात. ते अनंत आहेत. एकेक तपासत बसून हे कधीच व्हायचं नाही.

आतल्या वर्तुळांबद्दल फार बोलायला नको. मोजायला नैसर्गिक संख्या लागतात. ३ मधून ५ वजा करायचे झाले की त्या अपुऱ्या पडतात आणि ऋण संख्या येतात. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये लिहिलेल्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तात धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे नियम सरळ सांगितले आहेत: ऋणाला ऋणाने गुणलं की धन. त्यानंतर हजार वर्षांनीही युरोपातले चांगले गणिती ऋण उत्तर आलं की ते खोटं म्हणून बाजूला ठेवत होते. या एका गोष्टीसाठी ब्रह्मगुप्ताबद्दल मला अतोनात आदर आहे. त्याने या संख्यांना कसं वागवायचं याचे नियम दिले आणि नियम सुसंगत होते. संख्या 'आहे' की नाही हा वाद एवढ्यावरच मिटायला हवा होता.

खरी मजा परिमेय संख्यांपासून सुरू होते. १ ला ७ ने भागून पाहा, तेही हाताने. कॅल्क्युलेटरवर उत्तर दिसतं, पण त्या उत्तराचं कारण दिसत नाही. १ मध्ये ७ जात नाही, म्हणून १०. भाग १ चा, बाकी ३. पुढे ३०, भाग ४ चा, बाकी २. मग २०, भाग २ चा, बाकी ६. मग ६०, भाग ८ चा, बाकी ४. मग ४०, भाग ५ चा, बाकी ५. मग ५०, भाग ७ चा, बाकी १. आणि १ वरूनच तर आपण सुरुवात केली होती! आता पुढचं सगळं तसंच्या तसं पुन्हा घडणार: ०.१४२८५७१४२८५७..., कायमचं.

लक्ष ठेवायचं ते भागाकारावर नव्हे, बाकीवर. ७ ने भागताना बाकी १ ते ६ यांपैकीच काहीतरी असणार. शून्य आली तर भागाकार तिथेच संपतो. म्हणजे जास्तीत जास्त सहा पायऱ्यांत आधी येऊन गेलेली बाकी परत आलीच पाहिजे, आणि बाकी परत आली की अंकही परत येतात. १७ ने भागलं तरी हेच, फक्त १/१७ मध्ये पुनरावृत्ती सुरू व्हायला १६ अंक जातात: ०.०५८८२३५२९४११७६४७, आणि मग पुन्हा तेच. नेहमीच्या कॅल्क्युलेटरवर इतके अंक मावतही नाहीत. त्याच्या पडद्यावर १/१७ अगदी बेशिस्त दिसते आणि एखाद्याला ती अपरिमेय वाटू शकते. पडदा छोटा आहे, संख्येचा त्यात काही दोष नाही.

परिमेय संख्येचं दशांश रूप एक तर खंडित (कुठेतरी संपणारं) असतं किंवा आवर्ती (तेच अंक पुन्हा पुन्हा येणारं), हा नियम मुलं पाठ करतात. पण वरचा भागाकार एकदा डोळ्यांसमोर झाला की पाठ करायला काही उरत नाही. उलट दिशेनेही ते खरं आहे. ०.२७२७२७... ही संख्या घ्या, तिला १०० ने गुणा, त्यातून मूळ संख्या वजा करा. शेपूट कापली जाते आणि संख्येची ९९ पट बरोबर २७ उरते. म्हणजे संख्या २७/९९, म्हणजेच ३/११.

इथे एक गोष्ट जरा रेंगाळून पाहण्यासारखी आहे. दशांश रूप खंडित आहे की आवर्ती, हा फरक तितकासा खोल नाही. अपूर्णांक संक्षिप्त रूपात मांडल्यावर छेदात २ आणि ५ सोडून दुसरा मूळ अवयव नसेल तर दशांश रूप संपतं, नाहीतर चालू राहतं. २ आणि ५ च का? कारण आपण दहाच्या पायावर लिहितो आणि १० चे मूळ अवयव तेवढेच. तीनच्या पायावर लिहिलं तर १/३ म्हणजे नुसतं ०.१, आणि १/२ मात्र कधीच संपणार नाही. संगणक दोनच्या पायावर मोजतो, म्हणून त्याच्यासाठी १/१० ही न संपणारी संख्या आहे. ती कुठेतरी तोडून साठवावी लागते, आणि म्हणूनच अनेक प्रोग्रामिंग भाषांमध्ये ०.१ अधिक ०.२ केले की सतराव्या दशांश स्थळी एक ४ उगवतो. पाया बदलला की खंडिताचं आवर्ती होतं आणि आवर्तीचं खंडित. पण परिमेय संख्या कोणत्याही पायावर परिमेयच राहते आणि अपरिमेय ही अपरिमेयच. पेहराव बदलून जे बदलत नाही, तेच संख्येचं स्वतःचं. म्हणून मला वाटतं, 'दशांश रूप आवर्ती नाही ती अपरिमेय' ही ओळख उपयोगाची असली तरी व्याख्येचा मान अपूर्णांकालाच द्यावा.

आता √२. ज्याची बाजू १ आहे अशा चौरसाचा कर्ण. ही लांबी समोर काढून दाखवता येते, पट्टी लावता येते, आणि तरी तिला अपूर्णांक सापडत नाही. माणसांनी शोधला नाही असं नाही. इसवी सनापूर्वी १८०० ते १६०० च्या दरम्यानची एक बॅबिलोनी मातीची पाटी आज येल विद्यापीठात आहे. तिच्यावर चौरस आणि त्याचे कर्ण कोरलेले आहेत आणि साठच्या पायावर लिहिलेली एक संख्या आहे: १, २४, ५१, १०. दशांशात ती १.४१४२१२९६ च्या आसपास येते, पाच दशांश स्थळांपर्यंत बिनचूक. आपल्याकडे शुल्बसूत्रांत, म्हणजे यज्ञवेदी बांधायच्या मापांच्या प्राचीन ग्रंथांत, कर्ण काढायची कृती दिली आहे: मापात त्याचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्याचा चौथा मिळवा, आणि त्या चौथ्याचा चौतिसावा भाग वजा करा. हिशेब केला की उत्तर येतं ५७७/४०८.

हा अपूर्णांक किती जवळचा आहे, ते वर्ग करून पाहण्यासारखं आहे. ५७७ चा वर्ग ३,३२,९२९. ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३,३२,९२८. फरक फक्त १! तीन लाखांवरच्या संख्यांमध्ये एकाने हुकलं. हा आकडेमोडीचा कागद मी अनेकदा मुलांपुढे ठेवला आहे आणि प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणतंच, की मग अजून थोडं पुढे गेलं तर जमेल. इतकं जवळ आल्यावर असं वाटणं अगदी साहजिक आहे. कॅल्क्युलेटर इथे मदत करू शकत नाही. तो आणखी अंक देईल, आणखी जवळचे अपूर्णांक देईल, पण 'कधीच जमणार नाही' हे तीन शब्द त्याच्या आवाक्याबाहेरचे आहेत.

ते शब्द उच्चारायचा अधिकार पुढच्या युक्तिवादाने मिळतो. समजा √२ बरोबर अ/ब आहे. मग अ चा वर्ग आणि ब च्या वर्गाची दुप्पट एकच संख्या असली पाहिजे. कोणत्याही संख्येचे मूळ अवयव पाडले आणि त्यात २ किती वेळा येतो ते मोजलं, तर वर्गामध्ये तो नेहमी सम वेळा येणार, कारण वर्ग करताना प्रत्येक अवयव दुप्पट वेळा येतो. म्हणजे अ च्या वर्गात २ सम वेळा. ब च्या वर्गातही सम वेळा, पण त्याची दुप्पट केल्यावर एक २ वाढला, म्हणजे विषम वेळा. एकाच संख्येत २ हा अवयव सम वेळाही आणि विषम वेळाही? शक्य नाही. संपलं. अनंत अपूर्णांक चार ओळींत बाद झाले, एकालाही हात न लावता. ५७७ आणि ४०८ चा एकाने हुकलेला हिशेब कधीच शून्याने जुळणार नाही, याचं कारण आता हातात आहे.

मला गणितात याहून देखणं फारसं काही माहीत नाही. आणि म्हणूनच √२ च्या पुढे नुसतं 'अपरिमेय' लिहून पुढचा प्रश्न घेणाऱ्या मुलाबद्दल मला वाईट वाटतं. उत्तर बरोबर आहे, पूर्ण गुण मिळतील, पण ज्यामुळे ते उत्तर आहे ते त्याला कोणी दाखवलेलंच नाही.

पायच्या (π), म्हणजे वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांच्या गुणोत्तराच्या बाबतीत तर गोंधळ आपणच घालून ठेवतो. वर्तुळाच्या गणितात 'पाय = २२/७ घ्या' असं लिहिलेलं असतं, आणि वर्गीकरणाच्या धड्यात पाय अपरिमेय. मूल विचारतं, २२/७ तर अपूर्णांक आहे ना? प्रश्न अगदी रास्त आहे. २२/७ म्हणजे ३.१४२८५७..., पाय म्हणजे ३.१४१५९...; तिसऱ्या दशांश स्थळावरच त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये पायसाठी ३.१४१६ इतकी नेमकी किंमत दिली आणि ती आसन्न आहे, म्हणजे जवळची आहे, हेही सांगितलं. ती काळजी आपण पुस्तकांत घेत नाही. 'घ्या' याऐवजी 'जवळपास' एवढा एक शब्द घातला असता तर पुढचा गोंधळ टळला असता.

पाय अपरिमेय आहे हे मात्र √२ सारखं चार ओळींत होत नाही. ते लॅम्बर्ट या गणितीने १७६० च्या दशकात सिद्ध केलं, तेव्हा पायचे शंभराच्या आसपासच अंक ठाऊक होते. २०२२ मध्ये संगणकाने पायचे १०० लाख कोटी अंक काढले. त्या सगळ्या अंकांत पुनरावृत्ती नाही, पण एवढ्यावरून पाय अपरिमेय ठरत नाही. पुनरावृत्ती त्याच्याही पुढे सुरू होऊ शकली असती, किंवा आवर्ती गटच त्याहून लांब असता. शंभर अंक जवळ असलेल्या माणसाला जे कळलं, ते नुसत्या १०० लाख कोटी अंकांकडे पाहून कळलं नसतं.

'अपरिमेय' हा प्रकारच नकारातून बनला आहे, आणि त्याचे परिणाम वागण्यात दिसतात. दोन परिमेय संख्यांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार परिमेयच. शून्य सोडून कशानेही भागा, तरी परिमेयच. अपरिमेयांना असं घर नाही. २ + √३ आणि २ − √३ यांची बेरीज ४. √२ गुणिले √२ बरोबर २. अपरिमेय संख्येचा अपरिमेय घात काढला तर उत्तर परिमेय येऊ शकेल का? √२ चा √२ वा घात घ्या. तो परिमेय असेल तर उदाहरण मिळालंच. नसेल, तर त्या अपरिमेय संख्येचा पुन्हा √२ वा घात घ्या. घातांकांचा गुणाकार होऊन √२ चा वर्ग उरतो, म्हणजे २. दोन्हींपैकी एक उदाहरण नक्की बरोबर आहे, आणि त्यासाठी कोणतं हे कळावं लागलंच नाही. (पुढे १९३० च्या दशकात झालेल्या कामातून ठरलं की √२ चा √२ वा घात अपरिमेय आहे, म्हणजे दुसरं उदाहरण खरं.)

इतकं झाल्यावर एक शंका उरते. कोणत्याही दोन परिमेय संख्यांच्या मधे तिसरी परिमेय संख्या असतेच. दोघींची बेरीज करून निम्मी केली की मिळाली. म्हणजे संख्यारेषेवर परिमेय संख्या कमालीच्या दाट आहेत. तरी √२ च्या जागी एकही नाही. मग ती जागा भरते कशाने? रिचर्ड डेडेकिंड हा जर्मन गणिती झ्युरिकमध्ये कलनशास्त्र शिकवत होता, आणि शिकवताना आपण या ठिकाणी आकृतीच्या आधाराने वेळ मारून नेतो हे त्याला खटकलं. उत्तर त्याला २४ नोव्हेंबर १८५८ रोजी सुचलं; तारीख त्याने स्वतः नोंदवून ठेवली आहे, छापलं मात्र १८७२ मध्ये. सगळ्या परिमेय संख्यांचे दोन गट करा. एका बाजूला ऋण संख्या, शून्य आणि ज्यांचा वर्ग २ पेक्षा कमी आहे त्या धन संख्या. दुसऱ्या बाजूला ज्यांचा वर्ग २ पेक्षा जास्त आहे त्या धन संख्या. डाव्या गटात सर्वांत मोठी संख्या नाही: १.४ घेतली तर १.४१ आहे, ती घेतली तर १.४१४ आहे. उजव्या गटात सर्वांत लहान नाही. छेद गेला आहे, पण त्या छेदावर कोणतीच परिमेय संख्या बसलेली नाही. डेडेकिंड म्हणतो, असा प्रत्येक छेद हीच एक संख्या माना. शिक्षकाला वर्गात खटकलेल्या गोष्टीतून हे निघालं, याचं मला विशेष कौतुक आहे.

दोन वर्षांनी, १८७४ मध्ये, कँटरने दाखवलं की परिमेय संख्या एकामागे एक अशा यादीत मांडता येतात, पण सगळ्या वास्तव संख्या कोणत्याही यादीत मावत नाहीत. आणखी पुढे जाऊन, पूर्णांक सहगुणकांच्या बहुपदी समीकरणांची उत्तरं असलेल्या सगळ्या वास्तव संख्या, ज्यांना बैजिक म्हणतात आणि ज्यांत √२ आहे, घनमूळं आहेत, त्यासुद्धा यादीत मावतात. यादीबाहेर उरतात त्या अबैजिक, कोणत्याही अशा समीकरणाचं उत्तर नसलेल्या. म्हणजे वास्तव संख्यांमध्ये गर्दी यांचीच. आकृतीत मात्र त्यांच्यासाठी वेगळं वर्तुळही नसतं. आणि त्यांच्यातल्या किती जणींना आपण खात्रीने ओळखतो? लिऊव्हिलने १८४४ मध्ये पहिल्या काही मुद्दाम घडवल्या. हर्माइटने १८७३ मध्ये ई (e, म्हणजे २.७१८...) ही संख्या अबैजिक असल्याचं सिद्ध केलं, लिंडेमानने १८८२ मध्ये पाय. लिंडेमानच्या सिद्धतेने पट्टी-कंपासने वर्तुळाइतक्या क्षेत्रफळाचा चौरस काढायचा दोन हजार वर्षांचा खटाटोपही संपवला. पण ऑयलरचा स्थिरांक, ०.५७७२१..., गणितात जागोजागी भेटणारी संख्या, ती परिमेय आहे की अपरिमेय हे आजही सिद्ध झालेलं नाही.

मुलांना मी म्हणूनच एक प्रश्न देते, ज्याचं अर्धं उत्तर त्यांच्या आवाक्यात आहे. पाय आणि ई यांची बेरीज परिमेय की अपरिमेय? आणि गुणाकार? समजा दोन्ही परिमेय आहेत. मग क्ष² − (बेरीज)क्ष + (गुणाकार) = ० हे परिमेय सहगुणकांचं वर्गसमीकरण झालं; छेदांनी गुणलं की पूर्णांक सहगुणकांचं. आणि त्याची दोन उत्तरं म्हणजे पाय आणि ई. पण त्या तर अबैजिक आहेत, कोणत्याच अशा समीकरणाचं उत्तर नाहीत. म्हणजे बेरीज आणि गुणाकार यांपैकी निदान एक नक्कीच अपरिमेय आहे. वर्गसमीकरण येणाऱ्या मुलाला इथपर्यंत पोचता येतं. त्या दोघांपैकी अपरिमेय कोण, की दोन्ही, हे मात्र अजून कोणालाही सिद्ध करता आलेलं नाही.